मनावर घेऊ नको म्हणे

आज सकाळी मुंबईहून आलेल्या काकांनी पडवीत बसून अण्णांना सुनावलं, "तुला काय कमी आहे रे? पोरं बघतायत, डायलिसिस वेळेवर होतंय. उगाच मनावर घेऊ नको." मी चहा घेऊन बाहेर येत होते. कप आपटला नाही, एवढेच संस्कार.

आठवड्यातून 3 वेळा गुहागरहून चिपळूण. पहाटे निघायचं, 4 तास मशीनला जोडून पडायचं, घरी येऊन मेल्यासारखं झोपायचं. पाणी मोजून. पोटॅशियम वाढतं म्हणून शहाळं बंद. आयुष्यभर आल्यागेल्याला आगरातली शहाळी पाजणाऱ्या माणसाला!

डिसेंबरात नारळ उतरवणारा पाडेली आला होता. अण्णांनी एक शहाळं सोलून घेतलं, बराच वेळ हातात धरून बसले आणि त्यालाच प्यायला दिलं. रात्री म्हणाले, "आता कशाला ओढताय मला?" मी काय म्हटलं? "असं अभद्र बोलू नका." विषय संपला. मीच संपवला.

दर खेपेला वजन होतं, महिन्याला रक्त तपासतात. मन कसं आहे, हे 2 वर्षांत एकानंही विचारलं नाही. झोप नाही, भूक नाही, थकवा, सगळं किडनीच्या खात्यात. अहो, डिप्रेशनमध्येही हेच होतं ना? मान्य, तिथल्या सिस्टरांना डबा खायला फुरसत नसते. आणि घरात तरी काय? मानसोपचार म्हटलं की हसतात, "रत्नागिरीला न्यायचं काय?" तिथल्या मनोरुग्णालयाची थट्टा करतच आपण मोठे झालो. मीही केलीय.

शेवटी मार्चमध्ये 14416 ला फोन लावला. टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, मराठीत बोलतात. त्या बाईंनी आधी माझंच रडणं ऐकून घेतलं. मग डॉक्टरांना दाखवून झालं, किडनी बघून बेतानं गोळी सुरू झाली. अण्णा ठणठणीत झाले असं कुठाय! रात्री तीनला उठून पायरीवर बसतात अजून. मीही जाऊन बसते. परवा आपणहून म्हणाले, "मशीनवर असताना भीती वाटते गो. मधेच लाईट गेली तर?" 2 वर्षं हे पोटात घेऊन माणूस गाडीत बसत होता.

लिहितालिहिता काकांवरचा राग उतरला थोडा. त्यांनाही भाऊ असा बघवत नसेल. (चहा मात्र गारच दिला.)

शनिवारी पाडेली येणार आहे. अण्णांना अजून सांगितलेलं नाही.