रशियातले शेठ आणि आमचा सुध्या

"एवढे अब्जाधीश पडलेत रशियात. युक्रेनवर चाल केली तेव्हाच सगळ्यांनी मिळून दम भरला असता तर पुतिन जागेवर आला असता," सुध्यानं काडी टाकली.

मिल्या सीए. पैशाबद्दल कुणी भाबडं बोललं की त्याला सोसत नाही. "ओलेग तिनकोवनं एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टाग्रामवर युद्धाला शिव्या घातल्या. पंधरा दिवसांच्या आत स्वतः काढलेल्या बँकेतला ३५ टक्के हिस्सा गेला. तो म्हणतो, खऱ्या किमतीच्या ३ टक्क्यांत."

"एकटा पडला म्हणून!"

"आणि घेतला कुणी? पोतानिननं. तोही शेठच. एकी कसली डोंबलाची!"

नाना म्हणाले, "अरे पोरांनो, हे २००३ लाच ठरलं. खोदोरकोव्स्की तेव्हा देशातला सगळ्यात श्रीमंत माणूस. विमानतळावर, त्याच्याच विमानातून उचलला. दहा वर्षं आत. २००९ मध्ये पिकाल्योवो गावात कामगारांचे पगार थकले, तर तिथल्या कारखान्याचा मालक देरिपास्काला पुतिननं कॅमेऱ्यासमोर बोलावून सही करायला लावली. वर 'माझं पेन परत द्या' म्हणून सुनावलं." पेनाचा तो व्हिडिओ मी पाहिलाय. अब्जाधीशाचा चेहरा गृहपाठ विसरलेल्या पोरासारखा.

"म्हणजे मालक नव्हेतच, पगडीचे भाडेकरू," मी म्हटलं.

"पगडीवाल्याला कोर्ट तरी आहे. तिथं कोर्टच जागा खाली करून देतं," मिल्या म्हणाला. "२०२५ मध्ये मॉस्कोचा दोमोदेदोवो विमानतळ असाच सरकारजमा झाला. मालकाकडे परदेशातल्या वास्तव्याचे परवाने होते, हे निमित्त."

सुध्या हटेना. "मग युरोपनं यांच्या बोटी-बंगले गोठवले ते बरोबरच. पिळा, म्हणजे उलटतील."

इथं माझं सुध्याशी जमत नाही. अल्फा बँकवाल्या मिखाईल फ्रिडमनचा जन्म युक्रेनमधल्या ल्विवचा, आईवडील तिथलेच. युद्ध सुरू होताच रक्तपात थांबावा असं पत्र त्यानं कर्मचाऱ्यांना लिहिलं. पुतिनचं नाव घेतलं नाही, हे खरं. फेब्रुवारी संपायच्या आत युरोपचे निर्बंध आले. लंडनमध्ये पैसे अडकले, आणि २०२३ मध्ये गडी मॉस्कोत परत. क्रेमलिनला जे हवं होतं ते युरोपनं घरपोच दिलं: माणूसही आणि त्याची पुढची कमाईही.

"यांडेक्सचा, म्हणजे रशियातल्या गूगलचा, व्होलोझ बोलला की!" सुध्या उसळला. "युद्धाला रानटी म्हणाला."

"ऑगस्ट २०२३ मध्ये, तेही इस्रायलमध्ये राहून," मिल्या म्हणाला. "मग मार्च २०२४ मध्ये युरोपनं त्याचे निर्बंध उठवले. हे आधीच सांगून ठेवायचं होतं ना, की अमुक केलंस तर सुटशील! सुटकेची अट माहीत नसेल तर कोण कशाला जोखीम घेईल?"

"बोलायला दीड वर्ष लागलं त्याला," सुध्या म्हणाला. "तोवर युक्रेनचं मारिउपोल शहर संपलं होतं. आणि तुम्ही त्याच्या जोखमीचे हिशेब मांडताय."

मिल्यानं चहाचे पैसे दिले. विषय काही मिटला नाही.