क्ले टाकली म्हणून मोल्ड भरत नाही, हे खरं नाही

वाळूज एमआयडीसीतल्या प्लास्टिक मोल्डिंगवाल्यांत एक मेसेज फिरतोय, मलाच चौघांनी पाठवला. म्हणे प्लास्टिकमध्ये नॅनो क्ले (अतिबारीक पापुद्र्यांची माती) टाकली की मटेरियल घट्ट होतं आणि मोल्ड भरत नाही, मग टेम्परेचर वाढवा, मशीनचा स्क्रू पण लवकर झिजतो, आणि एवढी महाग क्ले घ्यायची कशाला, आपली काळी माती चाळून टाकली तरी चालतं.

आधी घट्टपणाचं बघू, सगळी भीती तिथूनच सुरू होते. एमएफआयचा (वितळलेलं प्लास्टिक किती सहज वाहतं ते मोजायची टेस्ट) आकडा घसरला की माणूस घाबरतो, मी पण घाबरलो होतो. पण त्या टेस्टला वजन थोडं, पीपीला (पॉलिप्रोपिलीन प्लास्टिक) 2.16 किलो, मटेरियल सावकाश उतरतं आणि तेवढ्या सावकाशीत क्लेचे पापुद्रे एकमेकांत अडकून जाळं धरतात. पापुद्रा म्हणजे फक्त 1 नॅनोमीटर जाड, म्हणून 3-4 टक्क्यातच एवढं जाळं होतं. इंजेक्शनला गेटमधून, म्हणजे मोल्डच्या बारीक तोंडातून, जाताना वेग शेकडो पट, तिथं पापुद्रे वाहत्या दिशेनं आडवे होतात, जाळं मोडतं आणि मटेरियल साध्या, म्हणजे बिनक्लेच्या, दाण्याच्या जवळपास वाहतं. खात्री करायची तर एकाच सेटिंगला साधा दाणा आणि क्लेवाला दाणा चालवा अन् इंजेक्शन प्रेशर लिहून ठेवा.

टेम्परेचर वाढवायचा सल्ला तर लई नुकसानीचा आहे. क्ले पॉलिमरमध्ये मिसळावी म्हणून तिला अमोनियमचं कोटिंग असतं, ते 200 डिग्रीच्या आसपास तुटायला लागतं, मग वास येतो, माल पिवळा पडतो आणि सुटे झालेले पापुद्रे परत चिकटतात. नायलॉनला 200 च्या वर जावंच लागतं, तिथं मटेरियल बॅरलमध्ये (मशीनची तापलेली नळी) उगाच थांबू देऊ नका.

झीज म्हणाल तर ही क्ले मऊ असते, ग्लास फायबर कितीतरी जास्त झिजवतं.

आता काळी माती. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट असतं हे खरंच आहे, उन्हाळ्यात रानाला भेगा अन् पावसात माती फुगून भिंतींना तडे, ते त्याच्यामुळंच. पण ते पापुद्रे पाणी ओढतात, पीपीला आत घेत नाहीत, त्यासाठी कोटिंग लागतं आणि पीपीला वर मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड लावलेलं पीपी पण. शिवाय मातीत चुनखडी, वाळू, कुजलेला पालापाचोळा. कुणी हॉपरमध्ये (दाणा टाकायचं नरसाळं) ओतली असेल तर पुढचा शॉट मारायच्या आधी नोझल काढून बॅरल साफ करा.