घाटात इंजिन बंद करायला सांगणारे शहाणे

सोमवारी संध्याकाळी भाच्याने एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, हे खरंय का? आमच्या टोमॅटोवाल्यांच्या ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दिलेत." भाचा पिकअप चालवतो. नारायणगावच्या बाजारातून सत्तर-पंच्याहत्तर कॅरेट भरायचे, ओतूरवरून माळशेज उतरायचा आणि उजाडायच्या आत कल्याण गाठायचं, हा त्याचा हंगामातला रोजचा धंदा. म्हणजे मी तो मेसेज दुसऱ्या दिवशी सकाळी वाचला असता, तर तोवर त्याने एक घाट उतरलेला असता.

मेसेज थोडक्यात असा. बीएस ६ ची, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांची इंजिनं कंपन्या मुद्दाम कच्ची बनवतात, दोन वर्षांत बसतात. वाचवायची असतील तर १) सायलेन्सरमधली जाळी काढून टाका, २) ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) पत्रा लावून बंद करा, ३) निळं पाणी म्हणजे लूट, घरचा युरिया पाण्यात कालवून ओता, ४) घाट उतरताना इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडा, डिझेल वाचतं आणि इंजिनाला विश्रांती मिळते, ५) इंजिन आपोआप रेस होऊन पळायला लागलं तर घाबरू नका, चावी बंद करा. खाली सही, 'एक अनुभवी मेकॅनिक'.

मी वीसेक वर्षं इंजिनाचे डिझेल पंप आणि डिझेल फवारणारे नोझल दुरुस्त करायची कामं केली आहेत. हे अनुभवी गृहस्थ कोण ते ठाऊक नाही, पण घाट त्यांनी बहुधा एसटीच्या खिडकीत बसूनच पाहिला असावा.

चौथ्या सूचनेपासून सुरू करतो. बाकीच्यांनी पैसे जातील. हिच्यात माणूस जाईल.

पिकअपचा ब्रेक नुसत्या तुमच्या पायाच्या ताकदीवर लागत नाही. पॅडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये एक डबा असतो, बूस्टर. तो व्हॅक्यूमवर चालतो आणि तुमचा जोर कितीतरी पटींनी वाढवून पुढे देतो. पेट्रोल इंजिनात हा व्हॅक्यूम हवा ओढतानाच तयार होतो. डिझेलला तशी सोय नसते, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप द्यावा लागतो. बऱ्याच गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीवरच बसवलेला असतो. इंजिन फिरतं तोवर पंप फिरतो. इंजिन बंद, पंप बंद. बूस्टरमध्ये उरलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन वेळा ब्रेक लागेल. माळशेजला वळणं किती आहेत?

हे भाच्याला फोनवर सांगून पटेना. "मामा, ब्रेक तर ऑइलवर असतो ना?" म्हणाला. शेवटी गाडी दारात घेऊन यायला लावली. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. इंजिन बंद करून म्हटलं, दाब पॅडल. पहिल्यांदा खाली गेलं. दुसऱ्यांदा अर्धं. तिसऱ्यांदा थोडंसं. चौथ्यांदा पायाखाली दगड ठेवल्यासारखं जागच्या जागी. म्हटलं, आता पाय तसाच दाबून धर आणि स्टार्टर मार. इंजिन लागलं आणि पॅडल पायाखालून हळूच खाली सरकलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, बोलला काही नाही. ही परीक्षा कुणीही आपल्या अंगणात करून बघावी, एक रुपया लागत नाही. इंजिन लागल्यावरही पॅडल खाली सरकलं नाही, तर त्याच दिवशी बूस्टर दाखवून घ्या.

शिवाय इंजिन बंद म्हणजे पॉवर स्टिअरिंगही गेलं. आणि झोपेच्या अमलात चावी एक घर जास्त फिरवून बाहेर काढलीत, तर स्टिअरिंग लॉक होतं. मग वळणावर काय, हॉर्न वाजवणार?

आता डिझेल वाचतं म्हणतात त्याचा हिशोब करू. कॉमन रेल, म्हणजे कंप्युटरवर डिझेल सोडणारी आजची गाडी गिअरमध्ये उतरत असेल आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढलेला असेल, तर तो कंप्युटर, ईसीयू, नोझलचं डिझेल बंदच करतो. चाकं इंजिनाला फिरवतात, खर्च शून्य. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवलं तर उलट आयडलिंगचं डिझेल जळतं, म्हणजे गिअरमध्ये उतरण्यापेक्षा जास्तच! राहिलं इंजिन बंद करणं. त्यात वाचतं ते फक्त न्यूट्रलमध्ये जळलं असतं ते. पिकअपचं इंजिन आयडलिंगला ताशी अर्धा-पाऊण लिटर पितं असं धरा, घाटाला वीस-पंचवीस मिनिटं धरा. फार तर सव्वातीनशे मिली. नव्वदचा भाव धरला तरी तीस रुपयेसुद्धा नाहीत. आणि नीट गिअरमध्ये उतरणाऱ्याशी तुलना केली तर तेही नाहीत.

विश्रांतीचं म्हणाल, तर इंजिनाची विश्रांती ब्रेकच्या अंगावर येते. मालासकट तीन टनांची गाडी आणि चारशे मीटर उंचीचा उतार घ्या. त्यातून जी ऊर्जा निघते तिने पस्तीस लिटर गार पाण्याला उकळी येईल. थोडी हवा आणि टायर खातात, थोडी एरवी इंजिन खाऊन टाकतं. इंजिन गिअरमधून काढलं की तो वाटाही ब्रेकच्या माथी. ब्रेकचे लायनर तापले की धरत नाहीत, आणि ब्रेक ऑइल उकळलं की पॅडल थेट तळाला जातं. डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना २०५ अंशांच्या आत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी पितं. पाणी प्यायलेल्या ऑइलसाठी मानकातली किमान मर्यादा १४० अंशच आहे. तुमच्या गाडीचं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं होतं, आठवतंय? भाच्याला आठवलं नाही.

कुणाला हे पुस्तकी वाटत असेल तर पुण्याचा नवले पूल आठवा. २० नोव्हेंबर २०२२, रविवारची रात्र. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून उतारावर आलेल्या एका ट्रकने गाड्यांमागून गाड्या उडवल्या. ४८ गाड्यांचा आकडा तेव्हा बातम्यांत आला होता. पोलिसांच्या प्राथमिक तपासात काय निघालं? चालकाने डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद केलं होतं. आता कुणीतरी म्हणेल, तो ट्रक होता, त्याला हवेचे ब्रेक असतात. बरोबर. तिथे कॉम्प्रेसर थांबतो, इथे व्हॅक्यूम पंप. टाकी मोठी की डबा लहान एवढाच फरक, आणि पिकअपचा डबा लवकर रिकामा होतो.

जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरमध्ये चढतोस त्याच गिअरमध्ये उतर. बीएस ६ आलं म्हणून त्यात काही बदललेलं नाही. गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात कंपनीचं पुस्तक असतं, त्यातही उतारावर इंजिन बंद करू नका म्हणून बजावलेलं असतं. भाच्याच्या गाडीतलं अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं.

पाचव्या सूचनेबद्दल. ॲक्सिलरेटर अडकून रेस वाढली असेल तर चावी बंद केल्यावर इंजिन थांबेल, तेवढं खरं. पण डिझेल इंजिन खरोखर सुटतं तेव्हा ते टाकीतलं डिझेल जाळतच नसतं. टर्बोचं (इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याचं) सील गेलेलं असतं किंवा चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या डब्यात, ऑइल जास्त झालेलं असतं, ते हवेच्या वाटेने आत ओढलं जातं आणि इंजिन स्वतःचंच ऑइल पीत पळतं. चावी डिझेल तोडते, ऑइल कसं तोडणार? गाडी चालत असेल तर वरचा गिअर, ब्रेक गच्च, क्लच सोडून इंजिन गुदमरवायचं. उभी असेल तर इंजिन हवा ओढतं त्या तोंडावर जाड फळी दाबायची. हात नाही, फडकं नाही, दोन्ही आत ओढले जातात. आणि लोखंड वाजायला लागलं असेल तर फळीबिळी सोडा, लांब पळा. इंजिन पुन्हा भरून मिळतं, माणूस नाही.

जाळीचं मात्र थोडं कबूल करतो, मनात नसताना. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी ती जाळी, तुंबते ही तक्रार खोटी नाही. दूध गोळा करणारी पिकअप चार किलोमीटरला सहा वेळा थांबते. जाळीतली काजळी जाळायला साधारण साडेपाचशे-सहाशे अंश तापमान लागतं; ते तिथे कधी गाठायचं? मग दिवा लागतो, अर्धवट जाळणी होते, आणि त्यासाठी जादा सोडलेलं डिझेल चेंबरमध्ये उतरून ऑइल पातळ करतं. डिपस्टिकवर ऑइल आपोआप वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, वर सांगितलेल्या पळण्याचं मूळ तिथेही असू शकतं. गाडी विकताना हे कुणी समजावून सांगत नाही, हा राग मलाही आहे. पण इलाज म्हणजे दिवा लागल्यावर गाडी हायवेला घेऊन वीसेक मिनिटं एका दमात चालवणं, आणि दिवा तरीही गेला नाही तर वर्कशॉप. जाळी उपटणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली बेकायदा बदल आहे. १८२अ मध्ये त्याला दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद लिहिली आहे. जाता जाता, कडबा वाहणाऱ्यांनी जाळणी चालू असताना गाडी वाळल्या गवतावर उभी करू नये आणि कडब्याची पेंढी सायलेन्सरवर लोंबू देऊ नये.

ईजीआरला पत्रा लावलात तर ईसीयूला कळतं, दिवा लागतो, गाडीचा दम जातो. पुढे बोलण्यासारखं काही नाही.

आणि घरचा युरिया! निळ्या झाकणाच्या टाकीत जातं ते निळं पाणी म्हणजे धूर साफ करायला लागणारं, ३२.५ टक्के शुद्ध युरिया असलेलं पाणी. प्रत्येक पिकअपला ते लागतंच असंही नाही. आपल्याकडचा शेतीचा युरिया २०१५ पासून सगळा कडुनिंबाचं तेल चोळलेला येतो, नेमका असा दुसरीकडे वळवला जाऊ नये म्हणून. ते तेल आणि गोणीतली माती सुईएवढ्या नोझलमधून फवारायची, म्हणजे धूर साफ करणारा महागडा कॅटॅलिस्ट स्वतःच्या हाताने लिंपायचा. वर अनुदानाचं खत गाडीत ओतलं म्हणून गुन्हा तो वेगळा.

कंपन्या मुद्दाम कच्ची इंजिनं बनवतात की नाही, यावर वाद घालायला वेळ नाही. बीएस ६ चं इंजिन जुन्यापेक्षा नाजूक आहे, डिझेलमधली घाण आणि रॉकेलची भेसळ त्याला सोसत नाही, हे माझ्या टेबलावर आलेल्या नोझलांनी मला दाखवलंय. फिल्टर वेळेवर बदला.

भाचा त्या रात्री अकराला माल भरून निघाला. पहाटे तीनला फोन वाजला तेव्हा छातीत धस्स झालं. "मामा, उतरलो. दुसऱ्या गिअरमध्येच. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून डोकं खाल्लं."