शिआनची मशीद: 'आधी देऊळच होतं' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली. म्हणून हे लांबलचक उत्तर.

तुम्ही म्हणता, चीनमधल्या शिआन शहरात ह्वाज्युए गल्लीतली मशीद इ.स. ७४२ची म्हणणं ही थाप आहे. ती मुळात बौद्ध देऊळ असणार, कारण छपरं, कमानी, अष्टकोनी पॅगोडा, सगळा थाट देवळाचा. शिवाय खुद्द चिनी लोक तिला 'मंदिर' म्हणतात. आणि चिनी मुसलमान "परकेपणा टाकून मातीत मिसळले" हे माझं वाक्य गुळगुळीत आहे.

सालाबद्दल कान पकडतो. ७४२ हे साल मशिदीतल्याच एका शिलालेखावरून येतं, आणि मी ते डोळे मिटून उतरवलं. त्या लेखात अरबस्तानाला 'थ्येनफांग' म्हटलंय. तांग राजवटीच्या काळात (६१८ ते ९०७) अरबांसाठी रूढ शब्द होता 'ताशी'; 'थ्येनफांग' पुष्कळ नंतरचा. शिवकालीन म्हणून दाखवलेल्या पत्रात 'मुंबई इलाखा' सापडावा, तसा प्रकार. अभ्यासक हा लेख मिंग काळात (१३६८ ते १६४४) रचलेला मानतात. शिवाय तांग राजवटीत हा भाग सरकारी कचेऱ्यांच्या तटबंद नगरात येत होता. परदेशी व्यापाऱ्यांचा राबता तिथून दूर, पश्चिम बाजाराकडे. आज दिसते ती रचना मिंग काळातली. सुरुवातीचं साल साधारणपणे १३९२ दिलं जातं, आणि पुढे मिंगनंतरच्या छिंग राजवटीपर्यंत भर पडत गेली.

आता देवळाचं. नावापासून सुरू करू. मशिदीला चिनीत 'छिंगचन स' म्हणतात, शुद्ध आणि सत्याचं 'स'. हा 'स' शब्द आधी सरकारी कचेरीसाठी होता, मग बौद्ध विहाराला लागला, मग मशिदीला. आपण शाळेला विद्यामंदिर आणि थिएटरला नाट्यमंदिर म्हणतो; तिथे आधी गाभारा होता असं कोणी म्हणत नाही.

खरा पुरावा नकाशात आहे. जागा सुमारे २५० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद, एकामागून एक अंगणं, आणि हा सगळा पट्टा पूर्व-पश्चिम. चिनी देवळं सहसा दक्षिणेकडे तोंड करतात. इथे तुम्ही पूर्वेकडून शिरता आणि पश्चिमेकडे चालत राहता, कारण चीनहून मक्का पश्चिमेला. तुम्ही लगेच म्हणाल, पूर्वेकडे तोंड केलेली देवळंही चीनमध्ये आहेत. आहेत, दातोंगचं ह्वायेन देऊळ तसंच आहे. म्हणून नुसत्या दिशेवर मी थांबत नाही, छपराकडे बघा.

चिनी देवळाचं मुख्य दालन आडवं पसरतं, खोलीला कमी. मूर्ती मधोमध, भक्त समोर. नमाजाला रांगांमागे रांगा लागतात, म्हणजे दालन खोल हवं, आणि लाकडी तुळई किती लांब घेणार? यावर चिनी सुतारांनी जुनाच उपाय वापरला: पूर्ण छपरं एकामागे एक उभी करून एकमेकांना भिडवायची आणि सांध्यावर पन्हळ टाकायची. शिआनच्या नमाजगृहाचं निळसर कौलांचं छप्पर असं जोडलेलं आहे. आत हजाराहून जास्त माणसं मावतात, आणि मूर्तीसाठी चौथरा नाही. पश्चिमेच्या टोकाला मिहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा, आहे. देवळाची मशीद करताना हे एवढं कोणी नव्याने उभारत नाही. आणि तो 'पॅगोडा' म्हणजे शिंगशिनलौ, अजानचा मनोरा. तीन छज्जे, आठ कोन, आत ना मूर्ती ना अस्थी.

मग रूप देवळासारखं का? गवंडी, सुतार, भट्टी, कौलं, सगळं तिथलंच म्हणून. गोव्यात फोंड्याची साफा मशीद बघा, १५६०ची, आदिलशाही. उतरतं कौलारू छप्पर, शेजारी पायऱ्यांचं तळं. लांबून अनोळखी माणूस देऊळच समजेल.

मात्र 'गवंडी स्थानिक होते' एवढ्याने सगळं उलगडत नाही, आणि इथे तुमचा तिसरा मुद्दा मला बोचतो. चीनमधल्या मुसलमानांना वेगळं बांधता येत नव्हतं असं नाही. क्वानचौची दगडी मशीद, मूळ १००९ची आणि १३१०मध्ये दुरुस्त केलेली, टोकदार कमानीच्या दरवाजासह सरळ अरबी-इराणी घडणीची आहे. मंगोल सत्ता गेल्यावर मिंग राजवटीने कायदाच केला की मंगोल आणि पश्चिमेकडून आलेल्या लोकांनी आपापसात लग्नं करू नयेत, चिनी घरांशी सोयरीक करावी. शिआनची मशीद त्याच राजवटीत उभी राहिली. 'मिसळले' लिहिताना मी हा कायदा वगळला, आणि तसं करायला नको होतं.

आणि आजचं. 'चिनीकरणा'च्या सरकारी मोहिमेत मशिदींचे घुमट उतरवले जात आहेत. २०२३मध्ये युन्नान प्रांतातल्या नागू गावात लोक त्याविरोधात पोलिसांसमोर उभे राहिले. त्याच प्रांतातल्या शादियानच्या मोठ्या मशिदीचा घुमट जाऊन तिथे चिनी छप्पर आलं. शिआनचं छप्पर दाखवून "बघा, असंही जमतं" म्हणणाऱ्यांच्या हाती माझं वाक्य आयतं कोलीत आहे.

लेखात ७४२चा दावा आणि ते वाक्य, दोन्ही खोडले आहेत. पुसले नाहीत, रेघ मारून ठेवले आहेत. देवळाबद्दलचा परिच्छेद मात्र आहे तसाच राहील. नमाजगृहाचा बाजूने घेतलेला फोटो आज चढवतो, त्यात दोन छपरांमधली पन्हळ स्पष्ट दिसते. ती बघून मग पुन्हा भांडू.