‘हजीऱ्याला कॉक बंद, यूपीत कारखाना बंद’? गॅसवाहिनी अशी चालत नाही

गुजरातमधल्या हजीऱ्याहून मध्य प्रदेशातल्या विजयपूरमार्गे उत्तर प्रदेशातल्या जगदीशपूरला जाणाऱ्या हजीरा-विजयपूर-जगदीशपूर गॅसवाहिनीबद्दल (बोलण्यात ‘एचव्हीजे’) एक मजकूर पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. सारांश असा: ही एक मोठी नळयोजनाच, हजीऱ्याला कॉक फिरवला की उत्तर प्रदेशातले खत कारखाने त्याच मिनिटाला ठप्प, मुंबईच्या समुद्रातला गॅस जसाच्या तसा तिकडे जातो, गळती वासावरून कळते, फुटलीच तर व्हॉल्व्ह आपोआप मिटतात, आणि वाहिनी ज्याच्या शेतातून गेली त्याचं शेत गेलं.

‘कॉक बंद, कारखाना बंद.’ पाणी दाबून लहान होत नाही, गॅस होतो; सगळी गंमत तिथे आहे. ३६ इंची नळीच्या १०० किलोमीटरमध्ये पोकळी सुमारे ६१ हजार घनमीटरच. पण ६० बार दाबाला (हवेच्या दाबाच्या सुमारे साठपट) तिच्यात हवेच्या दाबाने मोजलेला जवळपास ४० लाख घनमीटर गॅस बसतो. याला लाइनपॅक म्हणतात. एचव्हीजेची मूळ क्षमता दिवसाला १८२ लाख घनमीटर, म्हणजे एवढ्याशा तुकड्यात पाच तासांचा माल. तो सगळा उपसता येत नाही, कारण पुढच्या ग्राहकाला ठरलेला किमान दाब द्यावाच लागतो. दाब ६० वरून ५० बारवर आला तर हाती लागतात साधारण सात लाख. पूर्ण प्रवाहातसुद्धा गॅसचा वेग ताशी १९ किलोमीटरच्या आसपास, सायकलवाल्याइतका. हजीऱ्याचा गॅस विजयपूरला पोचायला दिवसाच्या वर लागतो.

खरी अडचण कॉकने नाही, हिशोबाने येते. गॅसदिवस सकाळी सहाला सुरू होतो. कोण किती घालणार, कोण किती उचलणार हे आधी कळवायचं असतं. एखाद्याने जास्त उचललं की दाब हळूहळू उतरतो आणि काही तासांनी त्रास होतो तो वाहिनीच्या टोकाला बसलेल्या, नियमाने वागणाऱ्या ग्राहकाला. उलटही घडतं: खत कारखाना अचानक बंद पडला की न उचललेला गॅस साचतो, दाब चढतो, आणि कॉम्प्रेसरचा वेग उतरवावा लागतो. झाबुआ, विजयपूर इथले हे कॉम्प्रेसर घर्षणाने घटलेला दाब परत चढवतात. दाबल्याने तापलेला गॅस थंड करूनच नळीत सोडायचा, नाहीतर नळीवरचं आवरण खराब होतं.

‘गॅस जसाच्या तसा जातो.’ मुळीच नाही. समुद्रातल्या वसई क्षेत्रातला गॅस आंबट, म्हणजे हायड्रोजन सल्फाइडवाला. हा सल्फाइड, पाणी आणि द्रवरूप कंडेन्सेट हजीऱ्याला काढतात. विजयपूरला प्रोपेन-ब्युटेन वेगळे करून सिलिंडरचा गॅस बनतो. २००४पासून दहेजला जहाजाने येणारा आयात गॅसही या जाळ्यात मिसळतो. कोणता रेणू कुणाचा, हे सांगता येत नाही. म्हणून बिल घनमीटरवर नव्हे, उष्णतेवर होतं.

‘वासावरून कळते.’ घरच्या शेगडीच्या गॅसला वास असतो, कारण तो मुद्दाम, बहुधा शहराच्या वेशीवरच्या केंद्रात मिसळतात. मुख्य वाहिनीतल्या गॅसला सहसा वास नसतो. तिथे खुणा वेगळ्या: शिट्टीसारखा आवाज, पाणी साचलेल्या शेतात सतत उठणारे बुडबुडे, हिरव्या रानात मधेच वाळलेला पट्टा. तिथे ट्रॅक्टर चालू करायचा नाही, चालू असेल तर बंद करून चालत लांब जायचं आणि वाहिनीशेजारच्या फलकावरचा नंबर फिरवायचा.

‘व्हॉल्व्ह आपोआप मिटतात.’ मिटतात, पण कधी? दाब झपाट्याने कोसळला तर. बोटभर भोकातून होणारी गळती लाइनपॅकच्या रोजच्या चढउतारात हरवून जाते. आणि मिटले तरी काय? विरळ वस्तीत दोन व्हॉल्व्हमध्ये ३२ किलोमीटरपर्यंत अंतर चालतं, दाट वस्तीत ८. बत्तीस किलोमीटरमध्ये अडकलेला तेरा लाख घनमीटर गॅस भोकातून बाहेर येणारच. व्हॉल्व्ह आगीचं इंधन तोडतो, आग रोखत नाही.

२७ जून २०१४ला आंध्रातल्या नगरम इथे दुसऱ्या एका वाहिनीतून गळलेला गॅस पहाटे गावात पसरून पेटला. वीसहून अधिक माणसं गेली. गॅसमधल्या पाण्याने नळी आतून गंजली होती. बाहेरचा गंज आवरणाने आणि विजेने थांबवतात (नळीला सतत हलका उणा विद्युतदाब देऊन), पण आतल्या गंजावर त्याचा उपयोग शून्य. तिथे गॅस कोरडा ठेवणं, साचलेलं पाणी ढकलणारा पिग (नळीतून गॅसच्या दाबाने सरकणारं साधन) फिरवणं आणि नंतर चुंबकी पिगने भिंतीची झीज मोजणं हेच उपाय.

‘शेत गेलं.’ १९६२च्या कायद्याने कंपनी घेते तो वापराचा हक्क. मालकी शेतकऱ्याचीच राहते, पिकंही घेता येतात. त्या पट्ट्यात घर, विहीर, तळं, झाड मात्र नाही. नळीवर माती साधारण एक मीटरच असते. नांगर तिथवर जात नाही, जेसीबीचा दात जातो, आणि त्याने पडलेला ओरखडा तेव्हा काहीच करत नाही. भेग पडते ती पुढे कधीतरी. म्हणून ठिबकचा चर खोदण्याआधी त्याच फलकावरच्या नंबरला फोन करावा.