अनावातोस एका रात्रीत ओस पडले नाही

ग्रीसमधील खिओस बेटावरच्या अनावातोस या डोंगरी गावाच्या छायाचित्रांखाली ‘१८२२ च्या कत्तलीत गावकऱ्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या आणि गाव एका रात्रीत कायमचे ओस पडले’ असा मजकूर फिरत आहे. ऑटोमन सैन्याने केलेली कत्तल खरी आहे. उड्यांची कथाही बेटावर पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. मात्र त्यानंतरही येथे वस्ती होती. १८८१ च्या भूकंपाने पुन्हा मोठी पडझड झाली आणि पुढे गाव हळूहळू रिकामे होत गेले. आज कड्याच्या कडेला टेकलेल्या, डोंगराच्याच रंगाच्या दगडी घरांमधून वर चढताना एक तिमजली वास्तू लागते, जिच्यात तेलाचा घाणा, शाळा आणि चर्च एकाच छपराखाली होते.