बाजूला व्हा ना जरा!

पहाटे चारला पुणं सोडायचं, बोरघाट उतरून पेण-अलिबाग करत मांडव्याला पोचायचं, कशासाठी? तर गेटवेवरून येणारी लाँच जेट्टीला लागतानाचा एक धड फोटो मिळावा म्हणून. पावसाळ्यात या लाँच बंदच, म्हणजे सीझन आधीच तोकडा. आणि नेमकी ती वळते, खलाशाच्या हातात ओला दोरखंड उन्हात चमकतोय, आता क्लिक करणार तोच मधे कुणाचातरी हात! हातात चिप्स! सीगलना घालायला! अरे, ते पक्षी हिवाळ्यात हजारो किलोमीटर उडून येतात ते तुमचं तळलेलं मीठ खायला का? आणि रिकामं पाकीट परत पाण्यातच. दरवेळी तेच! बाजूला व्हा म्हटलं की वर मलाच, "काका, बोटीचा काय फोटो काढताय?" बोटीचाच काढतोय! त्यासाठीच आलोय एवढ्या लांब!